धोंडूचं गाऱ्हाणं

धोंडूने तीस वर्षं खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी म्हणून काढली. तळात साचलेलं तेलकट पाणी बंदर दूर राहिलं की मुकाट दर्यात सोडायचं, हे तिथलं रोजचं काम. दर्या एवढा मोठा, त्याला काय होतंय, असं तेव्हा सगळेच म्हणत. धोंडूही म्हणे.

मग निवृत्त होऊन तो घरी आला आणि खाडीने त्याला बरोबर धरलं. बायको सुगंधा ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढून बाजारात विकायची. त्या तिसऱ्यांना आता डिझेलचा वास मारू लागला. गिऱ्हाईक हुंगून पुढे जाई आणि भरली टोपली तशीच घरी येई. मग सुगंधा त्याच तिसऱ्यांचं कालवण करून त्याच्या पुढ्यात ठेवी, तेच धोंडूला जास्त लागे.

जेटीवर सरकारी फलक होता, इंजिनाचं जळकं तेल खाडीत सोडल्यास दंड. खाली तेलासाठी पिंपही ठेवलेलं. फलकावर लोक जाळी वाळत घालत आणि पिंपावर बसून गप्पा छाटत. ट्रॉलरवाला पुतण्या सुदेश तर तेल खाडीतच ओती आणि सांगायला गेलेल्या धोंडूला हसायचा.

नारळी पौर्णिमेला जेटीवर सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान धोंडूच्या घराण्याचा; प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी होकार भरायचा. त्याने नारळ हातात धरला.

"बा देवा म्हाराजा! तीस वर्सां मी ह्या हातान दर्यात तेल सोडलंय, ता पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपासून जो कोण खाडयेत तेल सोडीत, तेच्या जाळ्यात मासो गावूचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे गरजले, आणि सुदेशचा आवाज सगळ्यांत मोठा. मग एकेकाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सुदेशने काकाला बाजूला ओढलं. "काका, ह्या मागे घे."

"देवाक सांगितलेला मागे घेतत काय रे? आणि तू व्हय म्हटलंस, मी नाय."

दंडाला न भिणारा सुदेश दुसऱ्या दिवशी तेलाचा कॅन घेऊन निमूट पिंपाशी आला. त्याच्यामागून बाकीचे आले. खाडी मात्र लगेच कुठली निवळायला! दसरा गेला, दिवाळी गेली. धोंडू रोज वासाच्या तिसऱ्या तक्रार न करता खात राहिला.

माघात एके दिवशी सुगंधा दुपारीच बाजारातून परतली. टोपलीत एकही तिसरी शिल्लक नव्हती.

"आज कालवणाक काय नाय हां," ती म्हणाली.

धोंडूने नुसती पेज आणि मीठ घेतलं, आणि वर आणखी एक वाडगा मागून घेतला.