मार्जिन पॉझिटिव्ह

"मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे फायदा झाला, असं वाटलं तुम्हाला?"

डॉक्टर हसले. खुर्चीत मागे रेलून पोटभर हसले. बाजूला दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यांच्याकडे वळून त्यांनी आमचा किस्सा इंग्रजीत सांगितला. मार्जिन, प्रॉफिट, एवढे शब्द मला कळले. मग ते दोघंही हसले.

आणि माझी मायही हसली. ती अमरावतीत, राजापेठेत भाजीची गाडी लावते. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, ही तिची जन्माची सवय. पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्या छातीत काय राहून गेलंय ते तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

अकोल्याच्या या दवाखान्यात तिच्या छातीतली गाठ काढली होती. मामा अकोल्याला राहतो, म्हणून इथं आलो. टाके निघाले त्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि फोन कानाला असतानाच म्हणाले, "मार्जिन पॉझिटिव्ह आहे. या परत, बघू." तेवढंच. पुढचा पेशंट आत, आम्ही बाहेर.

पॉझिटिव्ह म्हटल्यावर मी दचकले होते. कोरोनात या शब्दानं गल्ल्या ओस पडलेल्या पाहिल्यात. पण मार्जिन? तो तर आमच्या घरातला रोजचा शब्द. अडत्याकडून माल घ्यायचा, गाडीवर विकायचा, मधे हाताला लागतं ते मार्जिन. बाहेर बाकावर माय म्हणाली, "मार्जिन आलं म्हणते ना डॉक्टर? मंग चांगलंच हाय." तिचा चेहरा असा उजळला, की मलाही ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडीवर तिनं येईल त्याच्या पिशवीत फुकट सांबार टाकला. पुण्याचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. "गाठ गेली बाप्पा, आता काई टेन्शन नाई," सगळ्यांना सांगत होती. मेथीचा हंगाम जोरात होता. जाऊ, जाऊ म्हणता दोन महिने गेले. मग त्याच जागी हाताला पुन्हा कडक लागलं, तेव्हा एसटी धरली.

आणि आता डॉक्टर हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत होते. "दोन महिने वाया घालवले हो. तुम्हा लोकांना कितीही सांगा..."

कितीही सांगा. काय सांगितलं होतं? कधी? माझी कानशिलं तापली. शाळेत तोंडातून 'मला'ऐवजी 'मले' निघालं की अख्खा वर्ग हसायचा आणि मी मान खाली घालायची. त्या दिवशी नाही घातली.

"हासू नका," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "माह्या मायले समजन असं मराठीत सांगा."

"अहो, मेडिकल टर्म आहे ती. मराठीत नाही सांगता येत."

"मंग आमी उठत नाई."

शिकाऊ डॉक्टरांतली मुलगी फरशीकडे पाहायला लागली. डॉक्टरांनी चष्मा काढला. चिडूनच बोलले, पण बोलले. "गाठ काढताना तिच्या भोवतीचं थोडं मांसही काढतो. त्या मांसाच्या अगदी कडेला कॅन्सर सापडला. म्हणजे आत राहिलेला असू शकतो. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

झालं. साधं मराठी. हे त्यांना दोन महिन्यांपूर्वीही येत होतं. ते आमच्यावर खर्च करावंसं वाटलं नाही, इतकंच.

मायचं हसू गेलं. पदर हातातून सुटला. ती डॉक्टरांकडे पाहत राहिली आणि मग तिनं अगदी हळू विचारलं, "मंग साहेब, तुमी हासले काहून?"

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि ऑपरेशनची तारीख लिहायला घेतली.

दुसरं ऑपरेशन झालं. आता काखेतल्या गाठींतही कॅन्सर सापडलाय. वेळेवर आलो असतो तर तिथं गेला नसता का, हे मी विचारलं. सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. माय आता गाडीवर कमी आणि पलंगावर जास्त असते. नातेवाईक मला समजावतात, डॉक्टर देवमाणूस, त्यांच्याशी असं बोलू नये. मला राग येतो. देवमाणसाला माणसाशी बोलता येऊ नये?

मी बोलते. स्टेज म्हणाले की अडवते. केमो म्हणाले की विचारते, कशासाठी, त्यानं काय होईल, काय होणार नाही. नर्स दारातून म्हणते, "मॅडम, बाहेर रांग आहे." असू दे. रांगेतल्यांनाही कळू दे, की इथं विचारता येतं. मायच्या शरीरात काय चाललंय, ते मायला तिच्या भाषेत कळेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही. हात धरून उठवायला आले, तरी नाही.