चंचीतली गोळी

रुक्मिणी रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर प्रेशरची पांढरी गोळी घ्यायची. गोळ्या ती पानाच्या चंचीतच ठेवायची, सुपारीच्या खणात. मग पान जुळवायची आणि माशांची पाटी डोक्यावर घेऊन मालवणच्या मासळीबाजारात निघायची. तिथली दाराबाहेरची, उघड्यावरची जागा तिच्या सासूपासूनची.

२००३च्या एप्रिलात तिच्या हातांवर, मानेवर लाल चट्टे उठले. गोल, कडेला खपली धरलेले. ऊन पोचायचं तिथेच. चोळीखालचं अंग स्वच्छ. तिने कोकमाचं तेल, मुठयाल चोळलं, बांगडा खायचा सोडला. चट्टे पसरतच गेले. गिऱ्हाइकं मासे बघत, मग तिचे हात बघत, आणि पुढे सरत. शेजारच्या राधाबाईने एके दिवशी आपली पाटी दोन हात लांब ओढली.

"गिऱ्हायक माका पण तुझ्याच पंगतीत धरता गो," ती म्हणाली.

रुक्मिणीने हातांवर पदर ओढला. ही जागा सुटली तर आपल्याला दुसरं काही येत नाही, एवढं तिला कळत होतं.

सून संजना तिला कोल्हापूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कुठली औषधं चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. रुक्मिणीने पदर सावरून शुद्ध मराठीत सांगितलं, काहीही नाही. संजनानेही मान हलवली. मलम मिळालं, पण गुण आला नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी वेगळंच विचारलं: उठल्यापासून तोंडात काय काय जातं, क्रमाने सांगा. चहा, ती म्हणाली, मग गोळी, मग पान.

"मग औषध नाही म्हणालात ते?"

"औषध दुखण्याक घेतत. माका खंय काय दुखता? ती प्रेशरची गोळी."

संजनाने चंची टेबलावर रिकामी केली. डॉक्टरांनी समजावलं, की या गोळीने क्वचित कुणाचं शरीर आपल्याच कातडीला परकं समजून तिच्यावर उठतं, आणि ऊन त्यात भर घालतं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी गोळी बदलली आणि उन्हात बसायचं नाही, असं बजावलं.

नारळी पौर्णिमेनंतर बाजार पुन्हा भरला, तोवर फिकट खुणाच उरल्या होत्या. रुक्मिणी मोठी काळी छत्री घेऊन आपल्या जागेवर बसली. तासाभराने राधाबाईने आपली पाटी त्या सावलीत सरकवली. पुढे सहा वर्षं ती पाटी तिथेच राहिली.

माघातल्या एका सकाळी रुक्मिणी पानाच्या दुकानासमोर टेकली, ती उठलीच नाही. पानाला चुना आणायला निघताना राधाबाईला एवढंच म्हणाली होती, "पाटयेर लक्ष ठेव गो. चुनो हाडतंय."