हलकं मचाण

कॅनडात माझ्या भावाबरोबर धनुष्यबाणाने हरणं मारायची, म्हणून आमच्या ह्यांना झाडाला बांधायचं घडीचं मचाण हवं होतं. पाठीवरून न्यायचं, तेव्हा सर्वांत हलकं. इथं आखातात, फहाहीलच्या दुकानातला विक्रेता रत्नागिरीचा, लहानपणी सुपारीवर चढलेला. प्रत्येक मचाण तो खांबाला आवळून आधी स्वतः वर उभा राहायचा.

"भाऊ, तुमचं वजन?" त्याने ह्यांना विचारलं.

"नव्वद."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "भाभी?"

"ह्यांचं एकशे पंधरा."

त्याने हलकं मचाण परत फळीवर ठेवलं. "हे एकशे दहाच पेलतं. वरून पडलात तर मणका जाईल." मग दणकट काढलं.

"हे दोन किलोनं जड आहे!" हे कुरकुरले.

"मग तेवढं तुम्ही अंगावरचं उतरवा," तो म्हणाला.

ह्यांनी दणकटच घेतलं. दोन किलो उतरवण्यापेक्षा वाहणं ह्यांना सोपं वाटलं.