कडुनिंबाची झोळी

धृतीला, म्हणजे धरून ठेवण्याच्या बळाला, आपल्या पूर्वसूरींनी सद्गुणांत मानाचे स्थान दिले. परंतु धृतिमान मनुष्य प्रसन्नमुख असावा, अशी अट कोणीही घातलेली नाही. जे हातून सुटता सुटत नाही, त्यावर करवादत राहणे हाही धारण करण्याचाच एक प्रकार असावा. मानोरा तालुक्यातील एका बंजारा तांड्यावर उभी हयात शिकवण्यात वेचलेले इंद्रभान गुरुजी अशा धृतीचे धनी होते. त्यांना शांत पाहिल्याचे तांड्यात कोणालाच आठवत नाही.

त्यांच्या संतापाला कारण होते. दिवाळीची अमावास्या सरली की ट्रक येई, आणि ऊसतोडीला निघालेल्या आईबापांसवे निम्मी शाळाही त्यात चढून जाई. पोरे परतत ती वैशाखाच्या तोंडावर, शिकलेले सारे विसरून. उगवते पीक दरसाल कोणी मुळासकट उपटून न्यावे, तसा तो प्रकार गुरुजींना वाटे.

एका दिवाळीला अमावास्येच्या संध्याकाळी, तांड्याच्या रीतीप्रमाणे, कुमारिका हाती दिवे घेऊन दारोदार वडीलधाऱ्यांना ओवाळीत आल्या. तिसरीतली निता गुरुजींच्या दारी थांबली. त्यांनी पुढे केलेली ओवाळणी तिने घेतली नाही.

"हे नको, गुरुजी. मले ट्रकात नेऊ देऊ नका."

ओवाळायला आलेल्या लेकीला रित्या हाताने परतवू नये, हे गुरुजी जाणून होते. म्हणूनच ते अधिक चिडले. "हे आता सांगतं मले? उद्या ट्रक येऊन राह्यला!"

सकाळी नितेचा बाप लखीराम ट्रकात भांडीकुंडी चढवीत होता. गुरुजी तरातरा तेथे पोचले.

"लखीराम, काहून नेतं पोरीले?"

"मंग गोलूले कोन पाहीन, गुरुजी? मी अन् मोतीबाई दिवसभर उसाच्या फडात."

"तुयी माय हाय ना!"

लखीरामची माय चतुराबाई ट्रकात आधीच जागा धरून बसली होती. "मी भाकरी थापू का त्या पोराच्या मांगं पळू? माये गुडघे पाह्यले का, मास्तर?"

"गुडघे दुखतात तं उतर ना खाली, बुढे! फडात कोन तुले तेल चोळून देनार हाय?"

भोवतीची माणसे हसली, आणि त्या हसण्याने गुरुजींचा उरलासुरला तोल गेला. "ठेवा! पोरगी ठेवा, बुढी ठेवा, तो गोलूबी ठेवा! मी पाहतो त्याले!"

हा केवळ रागाचा उद्गार होता. परंतु तांड्यात चारचौघांसमोर उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. नितेची आई मोतीबाई हिने गुरुजींकडे क्षणभर निरखून पाहिले आणि नुकतेच अंगावरचे दूध सुटलेला धाकटा गोलू त्यांच्या हाती दिला. लखीरामने म्हातारीला उतरवले. निता तर केव्हाच शाळेकडे पळाली होती.

"शाळा हाय का पाळणाघर?" गुरुजींची पत्नी सोजरबाई कपाळावर हात मारीत म्हणाली.

"मले काय इचारतं? माया या तोंडाले इचार!"

गोलू पाढ्यांच्या वेळी नेमका रडे. अखेर गुरुजींनी सोजरबाईच्या जुन्या लुगड्याची झोळी शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधली, आणि चतुराबाई बुंध्याशी बसून तिला दोरीने झोके देऊ लागली. पुढल्या वर्षी आणखी म्हाताऱ्या मागे राहिल्या, आणखी झोळ्या टांगल्या गेल्या, आणि त्यांतल्या लेकरांचे ताई-दादा वर्गात बसले. पाहणीला आलेल्या साहेबांनी झाडाकडे बोट दाखवून विचारले, "हे कोण?"

"पुढच्या वर्षांची पहिली हाय, साहेब. कच्ची हाय अजून," गुरुजी वैतागून उत्तरले.

निवृत्तीनंतरही ते कुंपणापाशी येऊन सर्वांवर करवादत. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

ट्रक अजून येतो. निता यंदा दहावीला आहे. गोलू चौथीत आहे आणि साताचा पाढा त्याला अद्याप येत नाही. नव्या शिक्षिका पल्लवीबाई त्यापायी हैराण असतात. कडुनिंबाच्या फांदीला दोरांचा खोल वळ पडला आहे. दिवाळीनंतर तिला झोळ्या टांगलेल्या असतात.