पहिली फेक गावाची

भूतखेत, चकवा असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. बी.एस्सी. आहे, तेही झूलॉजी घेऊन. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी छाती फुगवून सांगतो. म्हणून खालचं लिहिताना जरा अवघड वाटतंय... पण झालं ते झालं.

माझे मामा पवनी तालुक्यातले. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, आता ते नव्या वसाहतीत राहतात. मला नाद लुअर फिशिंगचा. म्हणजे प्लास्टिकची खोटी मासोळी दूर फेकायची आणि रीळ फिरवत ती जिवंत असल्यासारखी नाचवत आणायची. मरळसारखा शिकारी मासा तिच्यावर झडप घालतो.

मागच्या उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं होतं. एका सकाळी आम्ही दोघं जुन्या गावाच्या बाजूला गेलो. आत एक वाळलेली बाभूळ पाण्यातून डोकं काढून उभी होती. मरळ असणार तर तिच्याच बुडाशी! मी उतरायला निघालो, तर मामाजींनी रॉड धरला.

"पहिले गळ काढ."

"काहून?"

"आमच्या लोकायची रीत आहे. पहिली फेक गावाची, बिनागळाची. खाली आमचा मारोती आहे, चुली आहेत. आधी रामराम, मंग शिकार."

"मामाजी, मासा काय रामराम घेते?"

"बी.एस्सी. आहेस ना? मंग दोन गळ काढाले तुले कितीक टाइम लागते!"

हसत हसत मी मासोळीचे दोन्ही गळ पकडीने काढून खिशात टाकले.

"अन् कमरेच्या वर पाण्यात जाऊ नोको. तुले पोहता येत नाही. इकडं सारं शेतच होतं, विहीर पार उजव्या अंगाले राहिली."

मांडीभर पाण्यातून मी सरळ बाभळीकडे निघालो. पायात गमबूट. फेक टाकली, मासोळी दोनदा नाचवली आणि... पाणी फुटलं! मरळ! काळीभोर पाठ, जाडी माझ्या मांडीएवढी. रीळ किंचाळायला लागलं. गळ लावलेला नाही हे मी साफ विसरलो. मी पुढे पाऊल टाकायला गेलो की तो डावीकडे हिसका द्यायचा. परत पुढे — परत हिसका. शेवटी मीही त्याच्यामागे डावीकडे वळलो. काय ती ताकद, काय तो डौल! एवढ्या वर्षांत असा मासा पाहिला नव्हता. बराच ओढत नेल्यावर तो वर आला, सावकाश तोंड उघडलं आणि मासोळी सोडून दिली.

तेव्हा आठवलं. गळ तर खिशात!

मामाजी मदतीला येत होते, मी आधी चाललो होतो त्याच सरळ वाटेने, बांबू टेकवत. मी वळलो होतो तिथे ते पोचले, बांबू पुढे टाकला, तर तो टेकलाच नाही. हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला.

"भाचा... तिथंच थांब. हे तर विहीर होय. मी तिकडं समजून राहिलो होतो..."

काठावर येऊन ते कितीतरी वेळ माझा दंड धरून बसले. सोडेचनात.

झूलॉजी सांगते, तोंडात टणक काही आलं की मासा थुंकून टाकतो. मित्र म्हणतात, दात अडकले असतील. असतील. मासोळीवर ओरखडे आहेत, मी जपून ठेवली आहे. पण बिनगळाची वस्तू त्याने इतका वेळ धरून का ठेवली, आणि नेमकी विहीर टाळून डावीकडेच का ओढली, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आजही माझी पहिली फेक बिनगळाची असते, आणि फेकताना मी मोठ्याने रामराम म्हणतो. सोबतचे हसतात — "अबे बी.एस्सी., मासा काय रामराम घेते?"

मी रीळ फिरवत राहतो.