वरून तिसरी पायरी

आई मागच्या फरशीवर पाठीवर पडली होती. तिच्या भोवती स्टीलची ताटं. एक अजून गोल फिरत होतं. आई ज्या घरी कामाला होती तिथल्या काकू वरच्या गॅलरीत आल्या, कठड्यावरून वाकून बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

"शांता, ताटं धुतलेली होती का उष्टी?"

"धुतलेली," आई म्हणाली.

वर महालक्ष्म्या बसलेल्या होत्या. जेवणाचा दिवस. पहिली पंगत उठली होती, दुसरी बसायची होती. धुतलेली ताटं फरशीवर सांडली म्हणजे परत धुवायला लागणार, म्हणून काकूंना उशिराची काळजी. मला राग आला तो आईच्या उत्तराचा. हलता येत नव्हतं, ओठ पांढरे पडले होते, आणि तरी तिने विचारलं त्याचं उत्तर दिलं.

मी तिथेच होते. नळाखाली, बादलीत हात घालून. सतरा वर्षांची, बारावीत. सणाला भांडी फार निघतात म्हणून आईने मला मदतीला नेलं होतं. जुन्या इंदूरमधल्या आमच्या खोलीतून सकाळीच निघालो, कृष्णपुऱ्याच्या पुलावरून चालत. आई वाटेत खुशीत होती. काकू सणाला नवं लुगडं देतात म्हणून.

हे घर मराठी. त्यांचे पणजोबा दरबारात मोठे कुणी होते, त्यांची तसबीर दिवाणखान्यात आहे. आता बंगला आहे, दोन मजली, पुढे संगमरवरी जिना. मागे एक लोखंडी गोल जिना. तो आमच्यासाठी. आमची जात त्यांना माहीत होती आणि ते कधी तोंडाने बोलले नाहीत. भले लोक होते ना. आई वीस वर्षं त्या घरात राबली, आणि वीस वर्षं सगळ्यांनी तिला "घरचीच" म्हटलं. घरची, पण मागच्या जिन्याने.

त्या जिन्याची वरून तिसरी पायरी एका बाजूने सुटली होती. गंजून. आईने होळीपासून सांगितलं होतं. बाईसाहेब, ती पायरी हिलते. काकू म्हणायच्या, हो गं, वेल्डिंगवाला येऊनच नाही राहिला. शेवटी आईनेच ती तारेने बांधली. त्या सकाळी पाऊस झाला होता, जिना ओला होता, आणि ओझं घेऊन दहादा वर-खाली करायचं होतं. माझ्यासमोर आईने विचारलं, "बाईसाहेब, आजचा दिवस आतून जाऊ का?"

काकू रेशमी साडीत होत्या, सोवळ्यात. आवाज अगदी गोड.

"अगं शांता, आज कसं चालेल? आज तर सगळं सोवळं आहे. जरा सांभाळून जा ना."

आई सांभाळून गेली. सातव्या खेपेला तार तुटली.

आईला काकूंच्या मुलाने, दादाने, गाडीतून नेलं. आधी त्याने मागच्या सीटवर पोतं अंथरलं. मग तिला उचललं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दादा गाडी चालवता चालवता आरशात माझ्याकडे बघून बोलला. तेही गोडच.

"हे बघ, डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत. त्यांना सांगायचं, घरी पडली. तुमच्या घरी, सीढ़ीवरून. फालतू पुलिस-वुलिसचा लफडा नको. नाहीतर सरकारी अस्पतालात न्यावं लागेल, तिथे रात्रभर नंबर नाही लागत. आम्ही आहोत ना सगळं करायला."

मी आईकडे बघितलं. आई डोळे न उघडता म्हणाली, "दादा सांगतात तसं सांग."

डॉक्टरांनी विचारलं, "कैसे गिरी?"

"सीढ़ी से।"

"कहाँ की सीढ़ी?"

"हमारे घर की।"

"कौन सी मंज़िल से?"

"दूसरी।"

आमच्या घराला जिना नाही. एक खोली आहे, वर पत्रा. पाऊस आला की पत्र्याखाली आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी मी आमच्या खोलीवर दोन मजले चढवले आणि खाली सही केली. मराठी शाळेत गिरवलेली, वळणदार सही. कुणी माझा हात धरून ती करून घेतली नाही.

आईच्या पाठीचा मणका दबला होता, टाचेचं हाड फुटलं होतं. तीन आठवडे ती तिथे होती. काकू दोनदा आल्या. नारळपाणी घेऊन, सफरचंदं घेऊन. सगळं बिल त्यांनीच भरलं, हे मी लपवत नाही. नर्सला सांगताना मी ऐकलं, "हमारे यहाँ काम करती है। इंसानियत के नाते कर रहे हैं।" नर्स माझ्याकडे वळून म्हणाली, किती चांगले लोक मिळालेत तुम्हाला. मी मान हलवली. आईने तर हात जोडले.

माणुसकी त्यांना परवडत होती. ती त्यांच्या मनावर होती, वाटेल तेव्हा थांबवता येत होती. आई घरी आली आणि ती थांबली. आता आई भिंतीला धरून मोरीपर्यंत जाते. बाकी वेळ बसून एका शेववाल्यासाठी लसूण सोलते. बोटं इतकी जळतात की जेवताना चमचा मागते. या बाईने एकेकाळी डोक्यावर पाण्याने भरलेली टाकी सोडून सगळं वाहिलंय.

दिवाळीच्या आधी काकूंचा निरोप आला. सफाईला माणूस नाही, शांताच्या पोरीला पाठवा. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, जा गं, आपल्या अडचणीला त्या उभ्या राहिल्या. गेले.

काकूंनी माझ्या हातात झाडू आणि बादली दिली. म्हणाल्या, वरून सुरू कर, मागून जा. मी जिन्याजवळ गेले. जिना हिरवा रंगवलेला होता. वरून तिसरी पायरी नवी होती, जाड पत्र्याची, दोन्ही बाजूंनी पक्की जोडलेली. मी खालून किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

"काकू, पायरी कधी बसवली?"

"ती ना? शांता पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सकाळी सकाळी माणूस बोलावून घेतला. घरात इतके पाहुणे, पोरं मागे खेळत असतात. कुणाला लागलं असतं म्हणजे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या थट्टा करत नव्हत्या. मनापासून बोलत होत्या.

"आईला लागलं होतं, काकू."

"अगं, तिचं वेगळं. ती तर रोजचीच."

होळीपासून जो माणूस मिळत नव्हता तो एका रात्रीत मिळाला. मी दवाखान्यात आमच्या खोलीवर मजले चढवत होते आणि इथे लोखंड जोडायची तयारी चालू होती. त्यांना सगळं माहीत होतं. पायरी कुणाची, चूक कुणाची, आणि आधी काय करायला हवं होतं, सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते करून दाखवलं. फक्त आई त्यांच्या "कुणाला" मध्ये बसत नव्हती. वीस वर्षांत बसली नव्हती.

मी बादली खाली ठेवली. झाडू तिच्यावर आडवा ठेवला.

"मी या जिन्याने चढणार नाही."

"का? आता तर एकदम पक्का आहे."

मी उत्तर दिलं नाही. त्या घरात विचारलं की उत्तर द्यायचं, ही आईची सवय. मी पुढच्या फाटकातून बाहेर पडले आणि घरी न जाता पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्यातल्या दीवानजींनी, म्हणजे हेड कॉन्स्टेबलने, माझा अर्ज दोनदा वाचला. मग दवाखान्याचा कागद मागवला. त्यावर माझी सही. ते हसले. "बेटा, इसमें तो तूने खुद लिखाया है, घर पे गिरी।" मी म्हटलं, तेव्हा खोटं सांगितलं. ते म्हणाले, जिला लागलं तिला विचारतो. आमच्या खोलीत आले, पत्र्याखाली वाकून उभे राहिले. जिना कुठे आहे, असं काही त्यांनी विचारलं नाही.

आईने पदर डोक्यावर ओढला. लसणाची टोपली बाजूला सारली.

"साब, लड़की नादान है, झूठ बोल रही है। मैं घर पे ही गिरी थी।"

असं वाटलं की मी मरावं. त्याच क्षणी, त्याच जमिनीवर. दीवानजी गेल्यावर मी आईला खूप बोलले. नको ते बोलले. गुलाम म्हटलं तिला. ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली,

"त्यांनी मला घरची मानलं गं. तू लहान असताना तापलीस तर त्यांच्या गादीवर निजवलं होतं तुला. आता मी काय सांगू लोकांना? की वीस वर्षं सगळं खोटं होतं?"

तेव्हा मला कळलं की आई घाबरली नव्हती. तिचा मणका मोडला होता, ते तिने सोसलं. पण त्या घरात आपण कुणी नव्हतो, हे तिला सोसणार नव्हतं. मी खूप रडले. तिच्या शेजारी बसून, तिच्या पायांवर डोकं ठेवून. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. लसणाचा वास होता हाताला. आणि तरीही तिने शब्द मागे घेतला नाही. मीही नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. मी एका कापडाच्या दुकानात बिलं करते, बी.कॉम. बाहेरून देते. मोफत वकील मिळतो असं दुकानातल्या एकीने सांगितलं, तो मिळवला. पोलिसांनी काही केलं नाही म्हणून मी सरळ कोर्टात तक्रार लावली. वकीलबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. म्हणाल्या, फोटो नाही, जुनी पायरी भंगारात गेली, कागद तुझ्याविरुद्ध, आणि त्यांच्या बाजूने साक्षीला तुझी आई येणार आहे.

काकूंनी गाडी पाठवायचं कबूल केलंय, आईला न्यायला.

नातेवाईक म्हणतात, आईला कोर्टात उभी करतेस, लाज वाटत नाही? वाटते. आम्ही एकाच खोलीत राहतो, एका ताटात जेवतो, आणि या एका गोष्टीवर बोलत नाही. तिचं मन मोडतंय ते मला रोज दिसतं. ते कोण मोडतंय हेही मला माहीत आहे. अर्धं ते, अर्धं मी.

सोमवारी माझी साक्ष आहे. वकीलबाईंनी तयारी करून घेतली. म्हणाल्या, समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, तुम तब झूठ बोली थी या अब बोल रही हो? घाबरू नकोस, पाणी पी, विचार करून बोल.

मला विचार करायचा नाही. तब. तब झूठ बोली थी. त्या खोट्याची जी सजा असेल ती लिहा माझ्या नावावर. पण त्यासोबत हेही लिहा की बाई कुठे पडली, कुणाच्या जिन्यावरून पडली, आणि आतून जाऊ का म्हणून तिने विचारलं होतं. आई समोरच्या बाकावर बसलेली असेल. मी तिच्याकडे बघूनच सांगेन.