हौदातला करडा नर

घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात मी किस्से सांगतो. त्यातला एक मात्र आजवर अर्धाच सांगत आलोय. उरलेला अर्धा कुणालाच ठाऊक नाही — तुम्हीच पहिले.

बुलढाण्याच्या आमच्या गच्चीवर बायको, सुमन, टबांत गप्पी मासे वाढवायची. मी? मी पाणी बदलायचो आणि पाहुण्यांना ‘माझे मासे’ म्हणून दाखवायचो. सोनेरी रंग करड्यापुढे दबतो. आईबाप दोघंही सोनेरी असतील तरच सगळी पिल्लं सोनेरी — हे तिने टबांवर वाकून वाकून शोधलं होतं. दोन वर्षं निवड करून तिने सहा सोनेरी माद्या वाढवल्या, नरांपासून लांब.

एकदा तिचा भाऊ आला. टब बघून म्हणाला, “भाऊजी, हे तर ताईचं काम दिसते. तुम्ही काय नुसती फुशारकी मारून राह्यले?” सगळे हसले. मीही हसलो — आणि आतून पेटलो! कशासाठी? तो खरं बोलला म्हणून?

दुसऱ्या दिवशी सुमन शेगावला दर्शनाला गेली. डासांसाठी हौदात सोडलेला एक साधा करडा नर मी धरला — चहाच्या गाळणीने, हो, एवढा माझा पराक्रम — आणि तिच्या माद्यांत सोडला. ती यायच्या आत काढूनही घेतला. गप्पीच्या मादीला नराची एक भेट पुढच्या कित्येक महिन्यांच्या पिल्लांना पुरते, हे मला तिनेच शिकवलं होतं.

मग तिने आपला सोनेरी नर सोडला. पिल्लं झाली, बहुतेक करडी. पुढच्या खेपेलाही करडी. “माद्या वेगळ्या करायले मलेच उशीर झाला असन,” ती म्हणाली. मी ऐकून घेतलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी थोडा कमी नीच ठरलो असतो! पण नाही — मी त्याचा किस्सा केला. ‘हिचं सोनं पितळ निघालं!’ बारा वर्षं माणसं हसवली. तीही हसायची, चहा देता देता. टब तिने कधीच शेजारी देऊन टाकले होते.

परवा सुनेने काचेची टाकी आणली. “आई, कोणता नर ठेवायचा, तुम्हीच बघा ना.”

सुमन जवळसुद्धा गेली नाही. “नाई व माय, मले नाई समजत त्यातलं.”

मी समोरच बसलो होतो. बोलायला याहून चांगली वेळ कोणती? आणि बोललोही मी.

“हाव,” म्हणालो, “तिले नाईच समजत.”